इमॅक्स आरपार झाला, पण कडेची पट्टी जाईना

मोडीतला जुना दस्त देवनागरीत उतरवायचा असेल तर स्कॅन मागे उघडा ठेवावा, त्याच्यावर इमॅक्स (मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम) अर्धा आरपार करून बसावं. नजरेच्या येरझाऱ्या वाचतात आणि ओळ चुकत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्याकडचे जुने कागद मोडीत आणि उर्दूत विखुरलेले आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ते वाचणाऱ्यांची गरज एकदम वाढली. परभणी, जालना, नांदेडकडची माझ्या ओळखीतली काही मंडळी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून हे काम करतात. त्यांची तक्रार फिरून फिरून एकच असते. जालन्याच्या एका ताईंनी ती अशी सांगितली: "दादा, मधलं सगळं आरपार दिसायलंय, पण कडंची पट्टी काही जाईना. ओळीचं शेवटचं अक्षर नेमकं तिच्याखालीच जायलंय."

ही तक्रार नुसत्या दिसण्याची नाही. मोडी लिहिणारा आधी कागदभर शिरोरेषा ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लावत जायचा. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आणि ओळ बऱ्याचदा पार कागदाच्या काठापर्यंत जाते. नाव आणि बापाचं नाव यांच्यामधला 'बिन' त्या पट्टीखाली गेला तर माणूसच बदलतो. म्हणून पट्टी घालवायला हवी, निदान तिचा दाटपणा आपल्या हातात यायला हवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सेटिंगची सगळी नावं इथे देवनागरीत दिली आहेत. इनिट फाईलमध्ये, म्हणजे इमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाईलमध्ये, ती रोमन छोट्या अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेसह टाकायची. आणि हे सगळं लिनक्सपुरतं आहे.

आधी पट्टी कोणाची ते ठरवा

या अडचणीत वेळ जातो तो एकाच कारणाने: पट्टी दिसते एक, पण ती पाचापैकी कोणाचीही असू शकते आणि प्रत्येकीचा मालक वेगळा आहे. शेतातल्या बांधासारखंच आहे हे. बांध कोणत्या गटात येतो ते कळल्याशिवाय त्याच्यावर कुदळ चालवण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात बाहेरची चौकट आणि टायटलबार विंडो मॅनेजरचे, म्हणजे खिडक्यांना चौकट देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमचे. इमॅक्सचा त्यांच्यावर अधिकार नाही. त्याच्या आत इंटर्नल-बॉर्डर येते, म्हणजे इमॅक्सच्या संपूर्ण फ्रेमला (त्याच्या अख्ख्या खिडकीला) आतून चारही बाजूंनी असलेली रिकामी पट्टी. फ्रेम उभी किंवा आडवी दुभागली तर दोन भागांमध्ये विंडो-डिव्हायडर असतो. तो बंद असेल तर उभ्या दुभागणीत एका पिक्सेलची व्हर्टिकल-बॉर्डर दिसते. मजकुराच्या डाव्या-उजव्या बाजूला, जिथे ओळ मोडल्याचे छोटे बाण दिसतात, ती फ्रिंज. शिवाय स्क्रोलबार, मेनूबार आणि टूलबार आहेत. जीटीके बिल्डमध्ये, म्हणजे बटणं-मेनू काढणारी जीटीके लायब्ररी वापरून बनवलेल्या इमॅक्समध्ये, ते जीटीकेचे विजेट असतात आणि मजकुरामागच्या पारदर्शकतेशी त्यांचा संबंध नसतो. ते नको असतील तर स्क्रोल-बार-मोड, मेनू-बार-मोड आणि टूल-बार-मोड बंद करा. त्या तिघांचा विषय इथेच संपला.

मालक ओळखायचा तर प्रत्येक पट्टीला भडक रंग द्या. मेटा-एक्स (ऑल्ट धरून एक्स) दाबून सेट-फेस-बॅकग्राउंड चालवा; प्रत्येक भागाच्या रंगरूपाला इमॅक्स 'फेस' म्हणतो. इंटर्नल-बॉर्डर पिवळी करा, फ्रिंज हिरवी. मग सेट-फेस-फोरग्राउंड चालवून विंडो-डिव्हायडर लाल आणि व्हर्टिकल-बॉर्डर निळी करा. इथे एक खाच आहे, ती नीट लक्षात घ्या. इंटर्नल-बॉर्डर आणि फ्रिंज आपला बॅकग्राउंड रंग दाखवतात, पण विंडो-डिव्हायडर आणि व्हर्टिकल-बॉर्डर यांचा दिसणारा रंग म्हणजे त्यांचा फोरग्राउंड. डिव्हायडरला बॅकग्राउंड देऊन काहीच बदललं नाही, म्हणून तो डिव्हायडर नाहीच असं समजणारे बरेच भेटतात.

आता त्रास देणारी पट्टी कोणत्या रंगाची झाली ते पाहा. कोणताच रंग आला नाही, तर ती इमॅक्सबाहेरची, विंडो मॅनेजरची आहे. जालन्याच्या ताईंची पट्टी पिवळी झाली. बहुतेकांची पिवळीच होते.

मधला भाग तरी खरंच आरपार आहे का

कडेकडे जाण्याआधी हे तपासून घ्या, कारण इमॅक्समध्ये पारदर्शकतेचे दोन वेगळे आकडे आहेत आणि त्यांची सतत सरमिसळ होते.

जुना तो अल्फा. तो सगळ्या फ्रेमला एकसारखा लागू होतो, म्हणजे पार्श्वभूमीबरोबर अक्षरंही फिकी पडतात. शंभर म्हणजे पूर्ण दाट, आणि खाली फ्रेम-अल्फा-लोअर-लिमिटची अडवणूक असते, ती मुळात २० असते. नवा तो अल्फा-बॅकग्राउंड. तो जुलै २०२३ मध्ये आलेल्या इमॅक्स २९.१ पासून आहे. तो फक्त मजकुरामागची पार्श्वभूमी आरपार करतो, अक्षरं पूर्ण दाट राहतात. देवनागरी टाईप करायची तर हाच वापरावा असं माझं ठाम मत आहे. अल्फा खाली आणला की अनुस्वार आणि रफार मागच्या शाईत विरघळून जातात, आणि मोडी वाचून थकलेल्या डोळ्यांना 'गाव' आणि 'गावं' यांतला फरक पकडता येत नाही.

दोन्ही एकदम लावले तर दोघांचाही परिणाम होतो. म्हणून अल्फा शंभरावर ठेवा आणि फक्त अल्फा-बॅकग्राउंड हलवा.

आता सगळ्यात फसवी जागा. इमॅक्सला माहीत नसलेला फ्रेम पॅरामीटर (फ्रेमचं एखादं सेटिंग) तुम्ही दिला तर तो तक्रार करत नाही, निमूट जपून ठेवतो. म्हणजे इमॅक्स २८ वर अल्फा-बॅकग्राउंडला ७० दिलं तर चूक दाखवली जात नाही, फ्रेम-पॅरामीटर विचारलं तर उत्तरही ७० येतं, आणि पडद्यावर मात्र ढिम्म काही होत नाही. सेटिंग लागलंय पण चालत नाही असं वाटलं की आधी आवृत्ती पाहा. लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन १२ बरोबर इमॅक्स २८.२ येतो आणि उबुंटू २२.०४ बरोबर २७.१, त्यामुळे त्याच्यावर उभ्या असलेल्या मिंट २१ वरही तोच. या तिन्हींवर ही सोय नाही. उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ मध्ये २९.३ आहे, डेबियन १३ मध्ये ३०.१. जुन्यावर असाल तर एक तर सिस्टिम वर न्या, नाही तर फ्लॅटपॅकमधून किंवा सोर्समधून नवा इमॅक्स घ्या. मोडीचं काम करणाऱ्यांनी २९ वर यावंच, कारण त्याच आवृत्तीत मोडी लिपीसाठी वेगळं लँग्वेज एन्व्हायर्नमेंटही आलं.

आवृत्ती बरोबर असूनही मागचं काही दिसत नसेल आणि नुसता सपाट रंग येत असेल, तर कंपॉझिटर बंद आहे. दोन खिडक्यांचं चित्र एकमेकांत मिसळण्याचं काम तोच करतो. ग्नोम आणि सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये तो कायम चालू असतो. एक्सएफसीईमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' उघडून शेवटच्या कंपॉझिटर टॅबवर खूण करावी लागते. जुन्या संगणकावर वेग वाढावा म्हणून कोणीतरी ती खूण काढून ठेवलेली असते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की पहिला हात मी तिथेच घालतो. ओपनबॉक्स किंवा आयथ्रीसारख्या हलक्या विंडो मॅनेजरबरोबर पिकॉम वेगळा चालवावा लागतो. एक्स ही लिनक्सवर पडदा चालवणारी जुनी यंत्रणा; तिच्या एका स्क्रीनवर एकच कंपॉझिटर चालतो, त्यामुळे एक्सएफसीईचा चालू ठेवून वर पिकॉम लावायला जाऊ नका.

बाहेरची चौकट

भडक रंगांनी काहीच बदललं नाही तर पट्टी विंडो मॅनेजरची. इथे तिचा दाटपणा कमी-जास्त करणं सोपं आहे. एक्सएफसीईच्या त्याच कंपॉझिटर टॅबवर खिडकीच्या सजावटीच्या दाटपणाची सरकपट्टी आहे, ती ओढा. पिकॉममध्ये फ्रेम-ओपॅसिटी नावाचा पर्याय आहे, तो ०.१ पासून १.० पर्यंत घेतो. दोन्ही ठिकाणी परिणाम सगळ्याच खिडक्यांच्या चौकटींवर होतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

फक्त इमॅक्सची चौकट नको असेल तर अनडेकोरेटेड हा फ्रेम पॅरामीटर टी (म्हणजे 'हो') करा. टायटलबार आणि कडा दोन्ही जातात. मग खिडकी हलवायची तर ऑल्ट (ग्नोममध्ये सुपर) धरून माउसने ओढायची. मोठ्या स्कॅनवर काम करताना मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण टायटलबारखाली गेलेली ओळही मोकळी होते.

आतली कड: खरी अडचण इथे आहे

पट्टी पिवळी झाली असेल तर ती इंटर्नल-बॉर्डर. आधी हे विचारा की ती आली कुठून. लिनक्सवरच्या जीटीके बिल्डमध्ये तिची रुंदी मुळात ० असते. म्हणजे ती कोणीतरी दिली आहे: तुमच्या जुन्या इनिट फाईलने, एखाद्या तयार कॉन्फिगरेशनने, किंवा स्पेशस-पॅडिंगसारख्या पॅकेजने. मजकूर कडेला चिकटू नये म्हणून अशी पॅकेजं ही पट्टी रुंद करतात आणि तिला पार्श्वभूमीचाच रंग देतात. पार्श्वभूमी दाट असते तोवर पट्टी आहे हे कळतही नाही. मधला भाग आरपार केला की ती उघडी पडते.

आणि ती दाट का राहते? एक्सवर चालणारा इमॅक्स पडद्यावर रंग भरतो तो आयत भरणाऱ्या एका फंक्शनमार्फत. २९ पासून त्या फंक्शनला शेवटी एक हो-नाही सांगावं लागतं: हा आयत भरताना अल्फा-बॅकग्राउंड पाळायचा की नाही. मजकुरामागचा भाग भरताना 'हो' जातं. इंटर्नल-बॉर्डर, डिव्हायडर आणि व्हर्टिकल-बॉर्डर भरताना 'नाही' जातं. तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही, थीमही दोषी नाही. रंगवणाऱ्या कोडलाच तसं सांगितलेलं आहे. हे एकदा समजलं की फेसला पारदर्शक रंग द्यायचा प्रयत्न, रंगाच्या आकड्याला मागे दोन अक्षरं जोडून पाहणं, असे उपाय का लागू पडत नाहीत ते कळतं. इमॅक्सच्या फेसच्या रंगात पारदर्शकता नसतेच.

यावर सोर्सला हात न लावता करण्यासारखा उपाय असा: कडेची मोकळी जागा बॉर्डरकडून काढून घ्या आणि अल्फा-बॅकग्राउंड पाळणाऱ्या भागाला द्या. इंटर्नल-बॉर्डर-विड्थ ० करा. डाव्या-उजव्या बाजूला तितकीच जागा फ्रिंज वाढवून घ्या. फ्रिंज-मोडला पिक्सेलमधला आकडा देता येतो, मुळात तो ८ असतो, तो २० करा. फ्रिंजचा बॅकग्राउंड मात्र मुख्य पार्श्वभूमीइतकाच ठेवा. बऱ्याच थीममध्ये तो किंचित राखाडी असतो आणि आरपार झाल्यावरही कडेला धुरकट पट्टा दिसत राहतो. वरच्या बाजूला जागा हवी असेल तर हेडर-लाईन-फॉरमॅटला एक रिकामी जागा द्या आणि हेडर-लाईन या फेसचा बॅकग्राउंडही मुख्य रंगाचा करा. हेडरलाईन मजकुरासारखीच रंगवली जाते, त्यामुळे तीही आरपार होते. खाली मोडलाईन (फाईलचं नाव दाखवणारी ओळ) आहेच.

या उपायाने ताईंचं काम त्याच संध्याकाळी पुढे सरकलं. मजकूर कडेला चिकटला नाही, आणि फ्रिंजखालची मोडीची टोकं दिसायला लागली.

वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर, असाल तर आणखी एक गोष्ट करून पाहा. २९ पासून इमॅक्सचं पीजीटीके नावाचं बिल्ड मिळतं, उबुंटू २४.०४ मध्ये त्याचं वेगळं पॅकेज आहे. तिथे रंगवण्याचं काम वेगळ्या फाईलमध्ये, वेगळ्या रीतीने होतं. म्हणून मोठ्या क्यूचा पर्याय देऊन, म्हणजे तुमची इनिट फाईल वगळून, तो इमॅक्स सुरू करा, इंटर्नल-बॉर्डर-विड्थ २० द्या, अल्फा-बॅकग्राउंड ६० द्या आणि कड कशी दिसते ते पाहा. पीजीटीके एक्सवर मात्र चालवू नका. सुरू होतानाच इमॅक्स बजावतो की त्या जोडीला आधार नाही, आणि ते बजावणं रास्त आहे.

दुभागलेल्या फ्रेममधली रेघ

पट्टी लाल झाली तर विंडो-डिव्हायडर-मोड बंद करा, काम झालं. त्याच्या जागी एका पिक्सेलची व्हर्टिकल-बॉर्डर येईल. तीही दाटच असते, पण एका पिक्सेलखाली अक्षर लपत नाही. दोन भागांमध्ये अंतर हवंच असेल तर ते फ्रिंजनेच घ्या.

सुटलेली अडचण परत का येते

माझ्या मते सगळ्यात जास्त वैताग इथे आहे. संध्याकाळी सगळं जमलेलं असतं, सकाळी संगणक सुरू केला की पट्टी पुन्हा हजर.

पहिलं कारण डीमन. इमॅक्स पाठीमागे डीमन म्हणून सुरू होतो आणि इनिट फाईल वाचतो तेव्हा पडद्यावर फ्रेमच नसते. त्या वेळी सेट-फ्रेम-पॅरामीटरने दिलेला आकडा नंतर इमॅक्सक्लायंटने उघडलेल्या फ्रेमपर्यंत पोचत नाही. आकडे डिफॉल्ट-फ्रेम-अलिस्टमध्ये जोडीने टाका: अल्फा-बॅकग्राउंड आणि त्याची किंमत, इंटर्नल-बॉर्डर-विड्थ आणि ०. म्हणजे पुढची प्रत्येक फ्रेम ते घेऊनच जन्माला येते. ही जोडी अर्ली-इनिट फाईलमध्ये टाकली तर फ्रेम आधी दाट आणि मग आरपार अशी लुकलुकतही नाही. ती फाईल इमॅक्स २७ पासून वाचली जाते.

दुसरं कारण थीम. थीम चढली की ती फ्रिंज आणि हेडरलाईनचे रंग आपल्या मनाने पुन्हा लावते. २९ मध्ये इनेबल-थीम-फंक्शन्स नावाचा हुक आला आहे. कोणतीही थीम चढली की तो चालतो. कडेचे रंग लावणारं आपलं छोटं फंक्शन त्यात टाका. पॅडिंग देणारं पॅकेज वापरत असाल तर त्याच्याच सेटिंगमध्ये रुंदी ० करा, नाही तर ते तुमच्यामागून येऊन पुन्हा पट्टी वाढवेल.

तिसरं कारण ओळखायला अवघड आहे: डेस्कटॉप-सेव्ह-मोड. उघड्या फाईली दुसऱ्या दिवशी जशाच्या तशा मिळाव्यात म्हणून बरेच जण तो लावतात, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने तो लावावाही. पण तो फाईलींबरोबर फ्रेमही जपतो, तिच्या पॅरामीटरसकट. मग इनिटमध्ये तुम्ही पट्टी ० केलेली असते आणि परवाची जपलेली फ्रेम २० घेऊन परत येते. फ्रेमसेट-फिल्टर-अलिस्ट या यादीत अल्फा-बॅकग्राउंड आणि इंटर्नल-बॉर्डर-विड्थ या दोन नावांपुढे कोलन लावून नेव्हर लिहा. त्यांची नोंद मग जपलीही जात नाही आणि परतही येत नाही. फाईली मात्र पूर्वीसारख्याच उघडतात.

मोठ्या क्यूने सुरू केलेल्या इमॅक्समध्ये पट्टी नाही आणि तुमच्या नेहमीच्या इमॅक्समध्ये आहे, तर कारण या तिघांपैकीच एक असतं.

आकडा किती ठेवावा

नुसतं लिहिताना मी अल्फा-बॅकग्राउंड ९० च्या खाली नेत नाही. स्कॅनवर बसवून टाईप करायचं असेल तर ५५ ते ६५ बरं पडतं, पण आधी स्कॅन उजळून घ्यावा. पिवळट कागद आणि काळी शाई यांच्यावर काळी देवनागरी वाचणं म्हणजे डोळ्यांवर अन्याय आहे. अक्षरांना गडद निळा रंग द्या, मागच्या शाईपासून ती लगेच वेगळी दिसतात. उन्हाळ्यात दुपारी खिडकीतून उजेड येत असताना आकडा पाच-दहाने वाढवावा लागतो, म्हणून तो कळीवर बांधा. फंक्शन चार ओळींचं आहे: फ्रेम-पॅरामीटरने आत्ताची किंमत घ्या, तीत ५ मिळवा किंवा वजा करा, मिन आणि मॅक्स वापरून ती ३० ते १०० च्या मध्ये ठेवा, आणि सेट-फ्रेम-पॅरामीटरने परत द्या. एक कळ वाढवायला, एक कमी करायला, आणि तिसरी थेट १०० वर न्यायला. ही तिसरी फार उपयोगी पडते, कारण टाईप केलेलं तपासताना मागचा कागद नकोच असतो.

कडेला स्वतःचा आकडा हवा असेल तर

वरचा फ्रिंजचा उपाय चालतो, पण तो वळसा आहे. मधल्या भागाला ६० आणि कडेला ३० असं वेगळं हवं असेल तर सोर्समध्येच सोय करावी लागेल. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या आणि बीसीएसच्या मुलांना हात बसवायला हे काम छान आहे, म्हणून कुठे अडतं तेवढं सांगतो.

फ्रेम डॉट एच मध्ये अल्फा-बॅकग्राउंडची किंमत ठेवणारं एक दशांश संख्येचं घर आहे. त्याच्या शेजारी कडेसाठी दुसरं घर करायचं. फ्रेम डॉट सी मध्ये सगळ्या फ्रेम पॅरामीटरची यादी आहे, तिथे नवं नाव जोडायचं. आणि इथेच घात होतो. एक्स, पीजीटीके, विंडोज, मॅक अशा प्रत्येक बाजूच्या फाईलमध्ये हँडलरांची (पॅरामीटर बदलला की चालणाऱ्या फंक्शनांची) एक समांतर यादी असते, आणि दोन्ही याद्यांची सांगड नावाने नाही, क्रमांकाने घातलेली असते. एका यादीत मधे नवं नाव घातलं आणि दुसरीत राहून गेलं, तर पुढचे सगळे पॅरामीटर एकेक घर सरकतात. फॉन्ट बदलायला गेलं की भलतंच काही होतं किंवा इमॅक्स कोसळतो. नवं नाव यादीच्या शेवटी घाला, आणि प्रत्येक बाजूच्या यादीत त्याच जागी हँडलर किंवा शून्य लिहा.

हँडलर लिहिताना अल्फा-बॅकग्राउंडचा समोर ठेवा. तो पूर्णांक शंभरात आणि दशांश एकात मोजतो, मर्यादेबाहेरचं नाकारतो, आणि शेवटी फ्रेम पुन्हा रंगवायला लावतो. ती शेवटची ओळ विसरली तर आकडा बदलूनही कड तशीच राहते आणि खिडकी लहान-मोठी केल्यावरच बदल दिसतो. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका.

मग रंगवण्याच्या तीन जागा: इंटर्नल-बॉर्डर पुसणारं फंक्शन, डिव्हायडर काढणारं आणि व्हर्टिकल-बॉर्डर काढणारं. तिथे 'नाही' जातंय त्या ठिकाणी आपला आकडा पोचवायचा. कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीने भरताना 'सोर्स' नावाचा ऑपरेटर हवा. 'ओव्हर' ठेवला तर प्रत्येक वेळी नवा थर जुन्यावर चढतो आणि कड हळूहळू दाट होत जाते. सुरुवातीला ३० दिसतं, दहा मिनिटांनी जवळजवळ काळी भिंत. हीसुद्धा हमखास चकवणारी गोष्ट आहे, कारण पहिल्या नजरेला सगळं बरोबर वाटतं.

बदल इमॅक्सकडे पाठवायचा असेल तर साधारण पंधरा ओळींपेक्षा मोठ्या कामासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइट सोपवण्याची कागदपत्रं करावी लागतात. वरचं काम त्या मर्यादेत बसणार नाही, म्हणून ती कागदपत्रं कोड लिहितानाच सुरू करा. बरोबर मॅन्युअलमधला परिच्छेद आणि न्यूज फाईलमधली नोंदही द्यावी लागते. आणि नुसती तक्रारच नोंदवायची असेल तर मेटा-एक्स रिपोर्ट-इमॅक्स-बग चालवा. आवृत्ती आणि बिल्डची माहिती तो स्वतःच भरतो. तुम्ही कंपॉझिटरचं नाव, एक्स की वेलँड, आणि मोठ्या क्यूने सुरू केल्यावर काय दिसलं एवढं जोडा. भडक रंग लावलेल्या फ्रेमचा स्क्रीनशॉट सोबत असेल तर पट्टी कोणती, हा पहिला प्रश्न तुम्हाला कोणी विचारणार नाही.